ठाण्याच्या वहींतील पहिली ओळ

पोलीसठाण्याची पायरी चढण्याचा प्रसंग शहरांतील सुशिक्षित कुटुंबावर सहसा येत नाहीं, आणि येतो तेव्हां मन ठिकाणावर नसतें. घर फोडलेलें असतें, मूल वेळेवर परतलेलें नसतें, किंवा रस्त्यावर कोणाला गाडीनें उडविलेलें असतें. अशा वेळीं जोगेश्वरीच्या किंवा दुसऱ्या कोणत्याहि ठाण्यांत माणसाची पहिली गांठ पडते ती मेजामागें बसलेल्या ठाणे अंमलदाराशीं आणि त्याच्या शेजारीं लिहीत असलेल्या शिपायाशीं. "नांव काय? राहणार कोठले? केव्हां घडलें?" असे तीन-चार प्रश्न होतात, उत्तरें कागदावर उतरतात, त्यांना एक क्रमांक मिळतो, आणि तक्रारदाराचें दुःख तेथून पुढें सरकारी दप्तराचा भाग होऊन बसतें.

पोलिसांचा इतिहास बहुधा कोतवालांचा आणि कमिशनरांचा इतिहास म्हणून लिहिला गेला. मुंबईपुरतें बोलावयाचें तर वेष पालटून शहरांत हिंडणारा चार्ल्स फोर्जेट, १८६४ सालीं पहिला पोलीस कमिशनर झालेला फ्रँक सूटर, आणि १९२३ सालीं शहर पोलिसांचा इतिहास प्रसिद्ध करणारा एस. एम. एडवर्ड्स, हीं नांवें जिज्ञासूंना ठाऊक असतात. लिहिणाऱ्या हातांची दखल मात्र फारशी कोणी घेतली नाहीं. वस्तुतः फिर्याद, पंचनामा, जबाब असें जें जें न्यायाधीशापुढें जातें, तें या हातांतूनच जातें. त्यांचें काम कसें बदलत गेलें हें पाहण्यास जोगेश्वरीसारखें ठिकाण सोयीचें आहे. कारण खेडें, उपनगर आणि महानगर या तिन्ही अवस्था या एकाच भूमीनें पाहिल्या आहेत.

ठाण्यांतील लेखनिकाचा वंश बराच जुना आहे, आणि त्याची साक्ष ठाण्यांतील शब्दच देतात. फिर्याद, जबाब, मुद्देमाल, पंचनामा, दप्तर हे सारे शब्द इंग्रजांच्या आधींचे, फारसी-अरबी वळणाचे. आलेल्या-गेलेल्या टपालाच्या नोंदीला महाराष्ट्रांतील कचेऱ्यांत अजूनहि 'बारनिशी' म्हणतात. फडणीस, चिटणीस, पोतनीस या नांवांत जो 'नवीस', म्हणजे लिहिणारा, दडलेला आहे तोच बारनिशींतहि आहे. विदर्भांतील ठाण्यांत अशा लेखनिकाला 'मोहरर' म्हणण्याची चाल पडली. मुंबईकडे तपासी अधिकाऱ्याच्या हाताखालीं लिहिणारा शिपाई 'रायटर' झाला. नांवें निराळीं, काम एकच.

जोगेश्वरी ज्या साष्टी बेटावर आहे, तेथील सहाव्या शतकांतलें लेणें सर्वांना माहीत आहे. पोर्तुगीजांच्या ताब्यांतील हें बेट १७३७ ते १७३९ च्या मोहिमेंत मराठ्यांनीं घेतलें. पुढें १७७४ च्या अखेरीस ठाण्याचा किल्ला पडला तेव्हां तें इंग्रजांच्या हातीं गेलें. मराठी अमदानींत गांवच्या बंदोबस्ताची जबाबदारी पाटलाची असे. चोरी झाली कीं जागल्यानें माग काढावयाचा. माग शेजारच्या गांवच्या शिवेंत शिरला तर तो पुढें काढण्याचा भार त्या गांवावर पडे, आणि माग जेथें थांबला त्या गांवाला भरपाईहि करून द्यावी लागे. या सगळ्या व्यवहाराचा आधार माणसांची स्मृति आणि गांवाची साक्ष हा होता. कुलकर्ण्याच्या दप्तरांत जमीन आणि सारा यांचा हिशेब बारकाईनें लिहिलेला सांपडतो. ज्याच्या घरीं चोरी झाली त्याचें म्हणणें मात्र त्याच्याच शब्दांत लिहून ठेवण्याची सक्ती कोणावर नव्हती.

शहरांत याहून अधिक लेखन होई. पेशवाईंत पुण्याच्या कोतवालाकडे बाजारभावावर देखरेख, घरांच्या खरेदी-विक्रीची नोंद आणि शहरांत येणाऱ्या-जाणाऱ्यांची टिपणें ठेवण्याचें काम असे. याच पुण्यांत १७९१ सालीं घाशीराम कोतवालाच्या हुकुमानें कोंडलेल्या ब्राह्मणांपैकीं बरेच जण गुदमरून मेले आणि खवळलेल्या लोकांनीं कोतवालाचाच अंत केला. या प्रसंगावरून जुन्या व्यवस्थेंतील एक उणीव दिसून येते. कोतवालीचें दप्तर शहरावर नजर ठेवण्यासाठीं होतें. खुद्द कोतवालावर नजर ठेवील असें दप्तर नव्हतें. कोणाला केव्हां धरलें, कां धरलें आणि कोठें ठेवलें हें त्याच घटकेला लिहिलें जावें, आणि तें वरच्या अधिकाऱ्याला वाचतां यावें, ही कल्पना पुढच्या शतकांत कायद्याच्या रूपानें आली.

१८५७ च्या उठावानंतर इंग्रज सरकारनें पोलिसांची घडी नव्यानें बसविली. त्यांत सरकारचा हेतु राज्य सुरक्षित ठेवण्याचा होता, हें उघडच आहे. तथापि त्या घडींतून एक उपयुक्त वस्तु निर्माण झाली. १८६१ च्या पोलीस कायद्यानें ठाण्याच्या अधिकाऱ्यानें डायरी ठेवावी, तींत आलेल्या तक्रारी, अटक झालेल्यांचीं, फिर्यादींचीं व साक्षीदारांचीं नांवें आणि ताब्यांत घेतलेल्या वस्तु यांची नोंद करावी, असें ठरवून दिलें. त्याच वर्षाची, १८ ऑक्टोबर १८६१ या तारखेची, दिल्लीच्या सब्जी मंडी ठाण्यांतील एक उर्दू फिर्याद जतन झालेली आहे. चोरीस काय गेलें होतें? स्वयंपाकाचीं भांडीं, हुक्का आणि बायकांचे कपडे. सगळ्यांची किंमत पंचेचाळीस आणे, म्हणजे तीन रुपयांहूनहि कमी. परंतु ज्याची चूल त्या दिवशीं थंड राहिली असेल त्याच्या दृष्टीनें ती चोरी मोठीच होती, आणि कोणा लेखनिकानें ती वस्तुवार लिहून घेतली म्हणूनच ती आज कळते.

मुंबई इलाख्यानें हा कायदा जसाच्या तसा न घेतां आपले स्वतंत्र कायदे केले. १८६७ सालीं जिल्हा पोलिसांचा एक आणि गांवपोलिसांचा एक, असे दोन कायदे आले. पोलीस पाटलानें गांवांतील गुन्ह्याची खबर वर कळवावी, संशयास्पद मृत्यु घडल्यास जाणत्या माणसांना बोलावून चौकशी करावी आणि तिचा अहवाल धाडावा, असा गांवपोलिसांच्या कायद्याचा आशय होता. मजास, ओशिवरें हीं साष्टींतील गांवें तेव्हां ठाणें जिल्ह्यांत मोडत. मुंबई शहराचे कमिशनर, त्यांच्या चौक्या आणि त्यांचें दप्तर हें सर्व त्या गांवांना परकें होतें.

पुढें १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेचें १५४ वें कलम आलें, आणि पाऊणशें वर्षें तेंच चाललें. १९७३ च्या नव्या संहितेनेंहि क्रमांकासकट तेंच ठेवलें. दखलपात्र गुन्ह्याची खबर तोंडी आली तर ती लिहून घ्यावी, देणाऱ्याला वाचून दाखवावी, तिच्यावर त्याची सही घ्यावी आणि तिचा सारांश वहींत चढवावा, एवढाच त्याचा मतलब. १९७३ च्या संहितेनें त्यांत फिर्यादीला विनामूल्य नक्कल देण्याची भर घातली. खबरीचा अहवाल विनाविलंब मॅजिस्ट्रेटकडे गेला पाहिजे, असेंहि दुसऱ्या एका कलमानें सांगितलें. या साध्या नियमांचा हेतु नीट ध्यानीं घेतला पाहिजे. एकदां लिहून, वाचून, सही होऊन कागद ठाण्याबाहेर गेला, कीं मग फिर्यादीला आपली हकीकत फुगवितां येत नाहीं आणि पोलिसांनाहि ती दडपतां येत नाहीं. वही दोघांनाहि बांधून टाकते.

म्हणूनच ठाण्यांत वह्यांचा एवढा पसारा असतो. स्टेशन डायरींत दिवसभराच्या घटना वेळ आणि अनुक्रम देऊन लिहावयाच्या. कोण गस्तीला गेला, कोण परत आला, कोणाला आणलें, हें सारें तींत येतें. गुन्हा नोंदविला कीं त्याला गुन्हा रजिस्टरचा नंबर पडतो. अदखलपात्र तक्रारींची वही निराळी, अकस्मात मृत्यूंची निराळी. जप्त झालेली प्रत्येक वस्तु मुद्देमाल कारकुनाच्या वहींत चढते आणि न्यायालयांत हजर होईपर्यंत त्याच्या हवालीं राहते. तपासाचा शेवट काय झाला तेंहि लिहावें लागतें. आरोपपत्र गेलें नाहीं तर महाराष्ट्रांत 'अ', 'ब' किंवा 'क' समरी मागतात: गुन्हा खरा पण तपास लागला नाहीं तो 'अ', फिर्याद द्वेषानें खोटी केली ती 'ब', आणि खरेंहि नव्हे, खोटेंहि नव्हे, असा गैरसमजाचा प्रकार तो 'क'. एका अक्षरांत फिर्यादीच्या सत्यतेचा निकाल लागतो, हें पाहिलें म्हणजे या कारकुनी कामाचें वजन कळतें.

प्रारंभीं हें लेखन मोडींत चाले. जलद लिहिण्यास मोडी उत्तम, परंतु तिचें वाचन लिहिणाराच्या वळणावर अवलंबून. १९१७ सालीं मुंबई सरकारनें कारभारासाठीं बाळबोध लिपी पत्करली. तरीहि मोडी वळणाचे हात पुढें बराच काळ टिकून होते. नंतर टंकलेखन यंत्रें आलीं, आणि १९५५ सालीं गोदरेज कंपनीनें तीं भारतांतच बनविण्यास सुरुवात केली. १९६४ च्या राजभाषा अधिनियमानें मराठी ही राज्यकारभाराची भाषा ठरली. अशा रीतीनें फिर्याद देणाऱ्याची बोली आणि लिहिणाऱ्याची भाषा हळूहळू जवळ आल्या. 'सदर इसमानें', 'नमूद ठिकाणीं', 'कामीं' असे दप्तरी शब्द तेवढे मागें राहिले.

परंतु वहीची दुसरी बाजूहि सांगितली पाहिजे. लिहिलेलें सारेंच न्यायाला पोषक होतें असें नाहीं. १८७१ सालीं गुन्हेगार जमातींचा कायदा झाला आणि १९११ च्या कायद्यानें त्याची व्याप्ति मुंबई इलाख्यापर्यंत वाढली. पारधी, कैकाडी यांसारख्या जमातींतील माणसांचीं नांवें रजिस्टरांत चढलीं, बोटांचे ठसे घेतले गेले, ठराविक वेळीं हजेरी देणें भाग पडलें. त्यांच्यापैकीं असंख्य माणसांनीं कांहींहि केलेलें नव्हतें; त्यांचें नांव वहींत होतें, हाच त्यांचा गुन्हा. हा कायदा १९५२ सालीं रद्द झाला आणि त्या जमाती 'विमुक्त' म्हणविल्या गेल्या. कागदावरून पुसलेला डाग लोकांच्या मनांतून पुसला जाण्यास मात्र फार काळ लागला, आणि अद्यापहि तो पुरता गेलेला नाहीं.

ठशांचा विषय निघाला म्हणून आणखी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. बोटांच्या ठशांवरून माणूस ओळखण्याचें शास्त्र एडवर्ड हेन्री या अधिकाऱ्याच्या नांवानें जगभर गाजलें, आणि १८९७ सालीं कलकत्त्यास त्यासाठीं खास कचेरी निघाली. परंतु हजारो ठसे जमले तरी हवा तो ठसा शोधावयाचा कसा, हा खरा प्रश्न होता. तो सोडविण्यांत अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोन हिंदी पोलीस कर्मचाऱ्यांचा मोठा वांटा होता. ठशांच्या आकृतींवरून १०२४ कप्प्यांत ते वांटून ठेवण्याचें गणित हक यांनीं बसविलें. त्यांच्या श्रमाची जाहीर कबुली बऱ्याच वर्षांनीं मिळाली. दप्तर नीट लावणें हें बुद्धीचें काम आहे, याचा याहून चांगला दाखला क्वचितच मिळेल.

इकडे जोगेश्वरीचें रूप पालटत होतें. १९२० सालीं ठाणें जिल्ह्यांतून मुंबई उपनगर जिल्हा निराळा काढण्यांत आला. १९५० सालीं बृहन्मुंबईची हद्द पश्चिम रेल्वेवर जोगेश्वरीपर्यंत आणि मध्य रेल्वेवर भांडुपपर्यंत वाढली. म्हणजे कांहीं वर्षें जोगेश्वरी हीच महानगराची वेस होती. १९५७ सालीं ती वेस दहिसर-मुलुंडपर्यंत सरकली. १९५१ सालीं शहर आणि जिल्हे या दोहोंना लागू असा एकच मुंबई पोलीस कायदा झाला. कारखाने, चाळी आणि झोपड्या यांनीं टेकड्या आणि पाणथळ जागा भरून गेल्या. पाटील ज्यांना चेहऱ्यावरून ओळखत असे त्या वस्तींत आतां एका भिंतीपलीकडचा माणूस अनोळखी झाला. जेथें ओळख संपते तेथें नोंदीची गरज सुरू होते. म्हणून ठाण्यांतील लेखनिकाचें काम वस्तीबरोबरच वाढत गेलें.

या कामाची कसोटी जोगेश्वरीनें फार दुःखद रीतीनें पाहिली. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ या महिन्यांत मुंबईंत दंगली झाल्या. ८ जानेवारी १९९३ च्या पहाटेपूर्वीं जोगेश्वरी पूर्वेंत राधाबाई चाळ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या ठिकाणीं एका खोलीला बाहेरून कडी घालून आग लावण्यांत आली आणि आंतील सहा माणसें जळून मेलीं. १९९६ सालीं विशेष न्यायालयानें अकरा जणांना दोषी ठरविलें; १९९८ सालीं सर्वोच्च न्यायालयानें पुरावा अपुरा म्हणून त्यांची मुक्तता केली. सहा जीव गेले हें निर्विवाद. ते कोणी घेतले हें न्यायालयांत सिद्ध झालें नाहीं.

त्या दंगलींची चौकशी न्यायमूर्ति श्रीकृष्ण यांच्या आयोगानें केली आणि १९९८ च्या फेब्रुवारींत आपला अहवाल दिला. दोन्ही टप्प्यांत मिळून सुमारें ९०० माणसें मृत्युमुखीं पडल्याची नोंद त्यांत आहे. आयोगानें शहराचा विचार ठाणेंवार केला. सव्वीस ठाण्यांची हकीकत निरनिराळी लिहिली आणि त्यांत जोगेश्वरी ठाणेंहि आलें. शहर जळत असतां, फोन थांबत नसतां, रात्रींच्या रात्री न झोपलेल्या शिपायांनीं ज्या वेळा आणि जीं नांवें लिहिलीं किंवा लिहावयाचीं राहिलीं, त्यांचें वाचन अशा चौकशींत वर्षानुवर्षें चालतें. तेव्हां घाईंत सुटलेली एक ओळ पुढें कोणालाहि भरून काढतां येत नाहीं. अंदाधुंदीच्या घटकेलाच नोंद सर्वांत कठीण असते, आणि त्याच घटकेची नोंद पुढें सर्वांत मोलाची ठरते.

यानंतरचा बदल यंत्राचा. १९८६ सालीं दिल्लीस राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाची स्थापना झाली. नोव्हेंबर २००८ मधील मुंबईवरील हल्ल्यानंतर देशांतील सर्व ठाणीं एका जाळ्यानें जोडण्याच्या कामाला गति आली. २००९ सालीं केंद्रानें सीसीटीएनएस या योजनेस मंजुरी दिली, आणि २०१५ सालीं ती महाराष्ट्रांत सुरू झाली. जोगेश्वरी, मेघवाडी, ओशिवरा, आंबोली या जवळजवळच्या ठाण्यांत लिहिलेली फिर्याद आतां एकाच पद्धतीच्या चौकटींत भरली जाते. २०१३ सालीं सर्वोच्च न्यायालयानें ललिता कुमारी खटल्यांत निर्णय दिला कीं, खबरींतून दखलपात्र गुन्हा दिसत असेल तर तो नोंदविलाच पाहिजे, आणि अशा प्रत्येक खबरीची नोंद डायरींत झालीच पाहिजे. २०१६ सालीं त्याच न्यायालयानें नाजूक प्रकरणें वगळून इतर खबरी चोवीस तासांच्या आंत संकेतस्थळावर प्रसिद्ध करण्यास सांगितलें. १ जुलै २०२४ पासून नवी नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली. तिच्या १७३ व्या कलमानें गुन्हा कोणत्याहि हद्दींत घडला असला तरी खबर घेणें आवश्यक ठरविलें, आणि ती विद्युत् माध्यमानेंहि देतां येईल, मात्र तीन दिवसांत सही करावी, असें म्हटलें. रूळाच्या एका बाजूस एक ठाणें, दुसऱ्या बाजूस दुसरें आणि रूळावर लोहमार्ग पोलीस, अशा जोगेश्वरीसारख्या वस्तींत 'हद्द आमची नव्हे' हें उत्तर किती त्रासाचें होतें, हें तेथील रहिवाशांना सांगावयास नको.

यंत्रानें लेखनिकाचे श्रम बदलले, संपविले नाहींत. लिपिक-टंकलेखकाच्या सरकारी जागेसाठीं मराठींत मिनिटाला तीस किंवा इंग्रजींत चाळीस शब्दांच्या गतीचें प्रमाणपत्र लागतें. पण गति ही या कामाची लहान बाजू. एकच आडनांव इंग्रजींत तीन प्रकारें लिहिलें जातें. वयाचा एक आंकडा चुकतो. बापाच्या नांवाच्या जागीं नवऱ्याचें नांव पडतें. जुन्या वहींतील चूक त्या ठाण्याच्या कपाटांत राहत असे. आतांची चूक क्षणांत देशभर पोहोंचते, आणि त्याच नांवाच्या एखाद्या निरपराध माणसाला पारपत्राच्या किंवा नोकरीच्या पडताळणींत आडवी येते. शिवाय चौकटीला तिचे ठराविक रकाने असतात. रडत बोलणाऱ्या बाईची हकीकत त्या रकान्यांत बसवितांना तिचे शब्द कोणते ठेवावयाचे आणि कोणते सोडावयाचे, हा विवेक यंत्रापाशीं नाहीं. तो अजूनहि मेजामागच्या माणसापाशींच आहे.

या माणसाला सरकारी श्रेणींत खालचें स्थान आहे. त्याच्या अंगीं सचोटी, कान देऊन ऐकण्याची संवय आणि स्वच्छ मराठी असेल तर पुढचा तपास आणि पुढचा न्याय पक्क्या जमिनीवर उभा राहतो. नसेल तर मोठमोठ्या वकिलांनाहि त्या पायाची डागडुजी करतां येत नाहीं. फिर्याद देणाऱ्यानेंहि आपला भाग विसरूं नये. लिहिलेलें वाचून पाहावें, चुकलेलें तेथल्या तेथें दुरुस्त करून घ्यावें, सही करावी आणि आपली नक्कल मागून घ्यावी. ती मागण्याचा हक्क कायद्यानें दिला आहे. पंचेचाळीस आण्यांच्या चोरीची फिर्याद दीडशेंहून अधिक वर्षें टिकली. आज रात्रीं जोगेश्वरीच्या ठाण्यांत जी ओळ लिहिली जाईल तीहि उद्यां कोणीतरी वाचणार आहे, एवढें भान लिहिणारा आणि सांगणारा या दोघांनींहि बाळगावें, हेंच या दप्तराच्या इतिहासावरून शिकण्यासारखें आहे.